कोपऱ्यातली छत्री

बदलापूर (प.)
४ नोव्हेंबर २०२४

प्रिय वृंदाताई,
स. न.

हे पत्र जनूभाऊंच्या घरपोच पुस्तकांच्या पिशवीतून येईल, परत करायच्या पुस्तकात घालून. पोस्टात टाकलं असतं तर तुम्हाला तुळशीच्या लग्नापर्यंत मिळालं नसतं आणि तेवढा वेळ ही बातमी पोटात ठेवणं मला जमणार नाही. फोन करावा तर तुम्हाला ऐकू येत नाही, तुम्ही तिकडून ‘कोण? कुठली तेजल?’ करणार. तेव्हा पत्रच बरं.

माझी कथा दिवाळी अंकात छापून आली! ‘विहीर कुठे होती’. चार ठिकाणांहून परत आलेली तीच. एकाने तर लिहिलं होतं, भाषा सुधारून पाठवा. आता आमच्या सखू आजीची भाषा मी काय सुधारणार? आमच्या भाताच्या शेतावर बिल्डिंग झाली आणि त्याच बिल्डिंगीत आम्हाला सातव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला, तेव्हापासून आजी रोज खाली पार्किंगमध्ये जाऊन विचारते, विहीर कुठं होती म्हणून. ती शुद्ध मराठीत विचारायला लागली तर वॉचमन घाबरून पळून जाईल.

संपादकांनी अनुक्रमणिकेचा फोटो मोबाइलवर पाठवला. ‘उन्नती हरिचंद्र म्हात्रे’. ‘हरिचंद्र’ बघून बाबांनी फोटो मोठा केला, लहान केला, परत मोठा केला आणि म्हणाले, ‘बरं आहे.’ कल्पेशदादाने थम्सअप टाकला, तोही फॅमिली ग्रुपवर, म्हणजे घरात बसून. लेखकाची प्रत कुरियरने येणार आहे. पण तुम्ही अंक वाचनालयासाठी मागवा ना, ताई. ‘उंबरसावली’ नाव आहे. बाजारात तो फारसा दिसत नाही.

तुम्हाला आठवतं, मी सातवीत असताना पहिल्यांदा तुमच्याकडे आले तेव्हा पुस्तकात पेन्सिलीची चित्रं बघून तक्रार केली होती, कोणीतरी पुस्तक खराब केलंय म्हणून? तुम्ही हसलात आणि सांगितलंत, या खुणा आहेत. आपण हे पुस्तक वाचलंय हे विसरू नये म्हणून प्रत्येक सभासद पान सतरावर आपली खूण करतो. दिवाळी अंक असेल तर वाचलेल्या कथेच्या कोपऱ्यात. तेव्हापासून मी भाताची लोंबी काढते. आणि कर्णिककाकांची छत्री! मी कुठलंही चांगलं पुस्तक उघडलं की ती छत्री माझ्या आधी तिथे पोचलेली असायची.

माझ्या कथेच्या कोपऱ्यात छत्री आली की मी स्वतःला लेखिका म्हणेन. त्याआधी नाही.

तुमची,
उन्नती


अंबरनाथ (पूर्व)
१६ नोव्हेंबर २०२४

चि. उन्नती,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून वाचनालयात एकटीच मोठ्याने ‘वा!’ म्हणाले. मला माझा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे तो किती मोठा होता ते समोरच्या मुलांच्या चेहऱ्यांवरून कळलं. ही मुलं आता रोज येतात. स्पर्धा परीक्षेची जाडजूड गाइडं घेऊन, पंख्याखाली जागा धरून, कपाटांकडे पाठ करून बसतात. परवा एकाने विचारलं, ‘मॅडम, ही कपाटं काढली तर अजून चार टेबलं बसतील ना?’ कमिटीवर घ्यायच्या लायकीचा मुलगा आहे.

अंक मागवला आहे. कमिटीने कुरकुर केली, पण मी कानांचं निमित्त केलं. मला नको ते ऐकू येत नाही, हे आता सगळ्यांना माहीत झालंय.

तुझं नाव छापून आलं, फार फार आनंद झाला. वडील ‘बरं आहे’ म्हणाले ना? कारखान्यातून दमून आलेला आणि शेत गेलेला माणूस ‘बरं आहे’ म्हणतो तेव्हा ते पुष्कळ असतं, असं समज.

सोबत दोन कादंबऱ्या पाठवते आहे. निळ्या वेष्टनाची चांगली आहे, असं मागच्या बाजूला लिहिलंय.

तुझी,
वृंदाताई


बदलापूर (प.)
१८ डिसेंबर २०२४

प्रिय वृंदाताई,
स. न.

महिना झाला, तुमच्या पत्रात कथेबद्दल एक अक्षर नाही. गेल्या वेळच्या चिठ्ठीत थंडीबद्दल, कमिटीबद्दल, जनूभाऊंच्या स्कूटरबद्दल सगळं होतं. अंक आला एवढंच कळलं. मी विचारलं नाही कारण विचारणं भिकारडं वाटतं. आता विचारते.

कोणी वाचली का?

माझी प्रत आली नाही. संपादक म्हणतात प्रती संपल्या, पुढच्या वर्षी नक्की. म्हणजे मी माझी कथा छापलेली अजून पाहिलीच नाही. ज्यांना ज्यांना सांगितलं ते म्हणाले, ‘लिंक पाठव.’ लिंक नाही म्हटल्यावर विषय संपला. कॅम्प चारमधल्या ऑफिसात, जिथे मी नोकरी करते, मी सेठना सांगितलं. ते जीन्सच्या गठ्ठ्यावरून उठून आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘बहुत अच्छा बेटा. अब लिखना है तो वो वापीवाले का चालान भी लिख दो, गाडी खडी है.’ मनाने वाईट नाहीत. त्यांच्या दृष्टीने लिहिणं म्हणजे ते.

पण आता एक गोष्ट अडली आहे. सेठ कॅम्प पाचमध्ये नवीन गोडाऊन घेतायत आणि ते मला सांभाळायला देणार आहेत. पगार वाढेल, पण सकाळी नऊ ते रात्री नऊ. रविवारीसुद्धा. म्हणजे माझं लिहिणं संपलंच. सध्या दुपारच्या डब्याच्या वेळेत मी जुन्या बिलांच्या कोऱ्या बाजूवर लिहिते. तीही वेळ जाईल. एक कादंबरी डोक्यात आहे, आजीची, विहिरीच्या आधीची आणि नंतरची. बाबा म्हणतात, पाहिजे तर सहा महिने घरी बस, लिही, पण मग त्यातून काय ते निघालं पाहिजे. सेठना नवीन वर्षाच्या आधी उत्तर द्यायचंय.

मला कौतुक नको आहे, ताई. कथा कोणी उघडूनच पाहिली नसेल तर तसं सांगा. मी गोडाऊनला हो म्हणेन आणि रडणार नाही. पण चार अनोळखी माणसांनी जरी शेवटपर्यंत वाचली असेल, तर मी सहा महिने बसेन. आजी रोज विचारते, ‘काय गो लिवतंस येवरा? माजं नाव हाय का त्यान?’ मी म्हणते, सगळं झालं की सांगते.

मला खरं ते सांगा. तुमच्याशिवाय विचारायला कोणी नाही.

तुमची,
उन्नती


अंबरनाथ (पूर्व)
२७ डिसेंबर २०२४

चि. उन्नती,
अनेक आशीर्वाद.

अंक पाठवते आहे. तुझी कथा उघड आणि वरच्या कोपऱ्यात बघ. मी वेगळं काय सांगू?

अंक बरेच दिवस बाहेर फिरत होता म्हणून मला लिहायला उशीर झाला. आपले सभासद तुला माहीत आहेत, तोंडाने काही बोलत नाहीत. बँकेतले अवधूत त्रिकोण करून मोकळे होतात. श्रद्धाने तुळस काढलीय. तिची दोन्ही बाजूंना दोन पानं असली की कथा आवडली, असं मी आपलं ठरवून ठेवलंय.

गोडाऊनचं तुझं तू ठरव. मी इतकंच म्हणेन, ज्याला लिहिता येतं त्याने चालान लिहीत बसू नये.

अंक पाहून झाला की जनूकडे परत दे. माझं मत सावकाश लिहीन. सध्या वर्षअखेरची कामं आहेत.

तुझी,
वृंदाताई


बदलापूर (प.)
६ जानेवारी २०२५

ताई, ताई, ताई,

छत्री आहे! मी अंक गॅलरीत उभी राहून उघडला. आधी माझं नाव वाचलंच नाही, कोपरा बघितला. सूर्य, त्रिकोण, तुळशीची दोन पानं, तेजलमावशींचा तो फुगलेला ‘ते’, आणि सगळ्यात शेवटी छत्री, मूठ डावीकडे वळलेली. मी खाली बसले. आई म्हणाली, चक्कर आली का? मी म्हटलं, हो.

सेठना ‘नाही’ म्हणून सांगितलं. ते म्हणाले, ‘सोच ले बेटा, जगह खाली नहीं रहेगी.’ मी म्हटलं, सोच लिया. एकतीस तारखेला शेवटचा दिवस भरला. सहकाऱ्यांनी सामोसे आणले. घरी बाबांना कोपरा दाखवला आणि एकेक खूण कोणाची ते सांगितलं. कर्णिकसाहेबांचं नाव ऐकून ते चमकले. त्यांच्याच कारखान्यात मोठे अधिकारी होते म्हणे, फार कडक. ‘त्यांनी वाचली तुझी?’ असं दोनदा विचारलं. मग स्वतःच जाऊन एक टेबल घेऊन आले. लाकडी, ड्रॉवरवालं. ते खिडकीशी लावलंय आणि मी आता त्याच्यावरच लिहिते आहे. वीस पानं झाली. वाईट नाहीत. काल एका वाक्यावर मी स्वतःच हसले, इतकं ते बरोबर जमलं होतं. ताई, असं सुख मला आजवर कशात मिळालेलं नाही.

फक्त तुमची खूण दिसली नाही. ती किल्ली मी कोपऱ्यात, तळाला, मागच्या पानावर, सगळीकडे शोधली. मग लक्षात आलं, तुम्ही चांगली मोठी काढायची म्हणून राखून ठेवली असणार.

संक्रांतीला मी अंबरनाथला येतेय. आधी कर्णिककाकांकडे तिळगूळ घेऊन जाणार. शेवट त्यांना कसा वाटला ते विचारायचंय. मला स्वतःला तो जरा घाईत झालाय असं वाटतं. त्यांना चुकलेलं बरोबर कळतं. अंक मीच परत आणून देईन.

तुमची,
(आता म्हणायला हरकत नाही) लेखिका उन्नती


अंबरनाथ (पूर्व)
११ जानेवारी २०२५

चि. उन्नती,

घाईत लिहिते आहे. कर्णिकांकडे जाऊ नकोस. त्यांच्याकडे सध्या सोय नाही, माईंची तब्येत बरी नसते, पाहुण्यांचा त्रास होतो. तू सरळ वाचनालयात ये, आपण बोलू. किंवा येऊच नकोस, थंडी फार आहे. अंक जनूकडे दे.

तू नोकरी सोडलीस. मला वाटलं होतं आधी कळवशील.

वृंदाताई


बदलापूर (प.)
१७ जानेवारी २०२५

वृंदाताई,

तुमचं पत्र आज मिळालं. जनूभाऊंची स्कूटर आठवडाभर गॅरेजमध्ये होती. मी चौदा तारखेलाच जाऊन आले.

माईंनी दार उघडलं. मी म्हटलं, काका आहेत का? त्या म्हणाल्या, ‘अगं, हे गेले. गणपतीच्या आधीच गेले. तुला कोणी सांगितलं नाही का?’

मला वाटलं, माझं काहीतरी चुकतंय. दिवाळी अंक दिवाळीला येतो. गणपतीच्या आधी गेलेला माणूस तो कसा वाचेल? मी तिथेच उभी राहून मनातल्या मनात महिने पुढे-मागे केले. मग कळलं, आणि मग सूर्य, त्रिकोण, तुळस, सगळंच कळलं. पेन्सिल एकच होती, ताई. घरी मी इतक्या वेळा बघूनही मला ते दिसलं नव्हतं, कारण मला ते बघायचं नव्हतं.

पण तुम्हाला पुढचं सांगायचंय. माझ्या हातात अंक होता. माईंनी तो घेतला, चाळला, आणि त्यांना छत्री दिसली. त्यांनी चष्मा आणला. म्हणाल्या, ‘ही ह्यांचीच. मूठ बघ. ह्यांची मूठ कायम डावीकडे.’ त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं. ‘शेवटी शेवटी दवाखान्यात काय वाचत होते ते मला कळलंच नाही गं. पुस्तकं त्या वृंदाताईच आणून द्यायच्या. म्हणजे तुझी गोष्ट वाचत होते होय!’ अंक कधीचा आहे ते त्यांनी बघितलं नाही. बघणाऱ्यातल्या त्या नाहीत. मला पाणी दिलं, शेजारून आलेल्या तिळाच्या वड्या दिल्या, जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि विचारलं, ‘हा मी ठेवू का?’

मी काय म्हणणार होते? ठेवा म्हटलं.

मी तुम्हाला एकच गोष्ट मागितली होती. तुम्ही ‘कोणी वाचली नाही’ असं लिहिलं असतंत तर मी आत्ता गोडाऊनमध्ये असते आणि वाईट वाटूनही एव्हाना जुनं झालं असतं. आता घरात ते टेबल आहे. बाबा येता-जाता त्याच्यावरून फडका फिरवतात.

उन्नती


अंबरनाथ (पूर्व)
२५ जानेवारी २०२५

चि. उन्नती,

माझा राग कर. तो तुझा हक्क आहे आणि मी काही बचाव करणार नाही. पण तू खरं मागितलं होतंस, ते आता उशिरा का होईना, देते.

अंक पहिल्या दिवशी टेबलावर मांडला. महिनाभर तो कोणीही नेला नाही. मी लोकांच्या हातात दिला, त्यांनी तो मुखपृष्ठ बघून परत ठेवला. तुझ्या कथेची पानं वरच्या कडेला नीट कापली गेली नव्हती, जोडलेलीच होती. ती शेवटी मी पट्टीने सोडवली. मग तुझं पत्र आलं आणि मी पेन्सिल घेतली.

कर्णिकांची छत्री मला काढायची नव्हती. मला काय, ते गेल्याचं माहीत नव्हतं का? त्यांना खांदा देणाऱ्यांच्या मागे स्मशानाच्या फाटकापर्यंत मी गेले होते. पण एका पाठोपाठ एक खुणा काढत गेले आणि हात आपोआप तिकडे वळला. इतकी वर्षं प्रत्येक पुस्तकात शेवटी तीच असायची. काढून झाल्यावर मी खोडरबर हातात घेतलं होतं. खोडवेना.

आता दुसरं. तू विचारलंस, माझी किल्ली कुठे आहे. उन्नती, मी तुझी कथा वाचलेली नाही.

श्रावणात कर्णिक गेले तेव्हापासून मी काहीच वाचलेलं नाही. डोळे चांगले आहेत. पुस्तक उघडते, पहिली ओळ वाचते, दुसरी वाचते आणि पुन्हा पहिलीवर येते. रोज संध्याकाळी वाचनालय बंद करायच्या आधी ते यायचे आणि मी वाचलेलं त्यांना सांगायचे. कान गेल्यावर ते कागदावर लिहून माझ्याशी वाद घालायचे. कोणाला सांगायचंय म्हणून मी वाचत होते, हे मला ते गेल्यावर कळलं. त्यांची मला फार आठवण येते. हे मी कोणाजवळ बोललेले नाही आणि या वयात बोलायची सोयही नाही.

वाचनालय चालवणाऱ्या बाईला वाचता येईना, हे तुला कसं सांगणार होते? तुला मी पुस्तकं पाठवत राहिले ती मागचा मजकूर बघून. सगळ्यांच्या खोट्या खुणा काढल्या, पण न वाचता माझी किल्ली काही काढवेना. तेवढीच लाज शिल्लक होती.

मला ती कथा वाचायची आहे. आता खरंच वाचायची आहे. तुझ्याकडे कच्चा मसुदा असेल तर पाठव. आणि लिहिणं सोडू नकोस, असं म्हणायला मला तोंड नाही, तरी म्हणते.

वृंदाताई


बदलापूर (प.)
२० फेब्रुवारी २०२५

वृंदाताई,

मसुदा नाही. बिलांच्या पाठीवर लिहिला होता, तो ऑफिसच्या खणात राहिला. जागा रिकामी केली तेव्हा सगळा कागद रद्दीत गेला. संपादकांना पाठवलेला टाइप केलेला मजकूर जुन्या फोनमध्ये होता, तो फोन दादाने एक्स्चेंजमध्ये दिला.

कादंबरीची पन्नास पानं झाली होती. तुमच्या पत्रानंतरही मी रोज टेबलाशी बसले, बाबांना दिसावं म्हणून. पण लिहिताना दर वाक्याला मला तो कोपरा दिसतो. कोणासाठी लिहितेय असं विचारलं की उत्तर येत नाही. तुमचं जसं दुसऱ्या ओळीवरून पहिलीवर येणं, तसंच. तेव्हा मला तुमचं समजलं. समजलं म्हणून राग गेला असं नाही.

सेठांकडे गेले होते. गोडाऊनवर दुसरी मुलगी आहे. मला त्यांनी फिनिशिंगला घेतलंय. दिवसभर टॅगवर साइज लिहिते. अठ्ठावीस, तीस, बत्तीस. लिहिणंच आहे, आणि प्रत्येक टॅग कोणीतरी नक्की वाचतं.

जनूभाऊंकडे वाचनालयाचं कार्ड देतेय. निळ्या वेष्टनाचं पुस्तकही. चांगलं होतं. पान सतरावर खूण केलेली नाही. आता लक्षात ठेवायचं कारण नाही.

यापुढे पत्र पाठवू नका. खरंच नका पाठवू.

उन्नती


अंबरनाथ (पूर्व)
३० मार्च २०२५, गुढीपाडवा

चि. उन्नती,

नको म्हणालीस तरी लिहिते. हे शेवटचं.

काल माईंकडे गेले. त्यांचा मुलगा अनीश त्यांना कायमचा बंगळुरूला घेऊन चाललाय, घर विकलं. सामान बांधून झालं होतं. तुझा अंक मात्र बाहेर, देवाच्या चौरंगावर, कर्णिकांच्या चष्म्याच्या डबीखाली. मी म्हटलं, जरा वाचायला देता? माई म्हणाल्या, ‘नेऊ नका. इथेच बसून मलाही वाचून दाखवा. ह्यांनी काय वाचलं ते मला कळू दे.’

मी मोठ्याने वाचायला लागले. मला माझा आवाज ऐकू येत नाही, तो बहुतेक साऱ्या बिल्डिंगला ऐकू गेला. माई हाताने खाली-खाली करत होत्या. पहिली ओळ, दुसरी ओळ, आणि मी परत फिरले नाही, उन्नती. माई समोर बसल्या होत्या म्हणून असेल. आजी पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधून वाकून वाकून बघते आणि वॉचमन विचारतो, ‘चावी गिरी क्या, अम्मा?’ तिथे माई हसल्या. आणि शेवटी आजी एका गाडीखाली हात घालून जमीन गार लागते का बघते, तिथे मला थांबावं लागलं. शेवट घाईत झालेला नाही. तुझी कथा चांगली आहे. मी आयुष्यभर वाचत आले, मला कळतं. चार संपादकांना कळलं नाही, आपल्या सभासदांना कळलं नाही, आणि मला कळायला इतका उशीर झाला.

माई म्हणाल्या, ‘ह्यांना आवडली असणार.’ मी म्हटलं, हो. ते खोटं आहे असं मला अजूनही वाटत नाही.

मी छत्रीशेजारी किल्ली काढली. मग माईंनी अंक घेतला आणि पिशवीत साड्यांच्या मध्ये ठेवला. आज पहाटे दोघं बंगळुरूला निघाले. मी ‘उंबरसावली’ला मागेच लिहून पाहिलं होतं, दुसरी प्रत नाही. राहिलेला गठ्ठा त्यांनी रद्दीत दिला.

वाचनालयाची कपाटं मेमध्ये हलवणार आहेत. टेबलं येतील. माझ्या किल्ल्या मी कमिटीला देऊन टाकते आहे.

लिही. नाहीतर नको लिहूस. पण तुझी कथा एका माणसाने शेवटपर्यंत वाचली आहे, एवढं खरं आहे.

तुझी,
वृंदाताई


बदलापूर (प.)
२१ एप्रिल २०२५

नमस्कार मॅडम,

मी कल्पेश, उन्नतीचा मोठा भाऊ. मला लेटर लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. तुमचा नंबर मिळाला नाही आणि जनूभाऊ बोलले, मॅडमना फोनवर ऐकू येत नाही.

तुमचं पत्र उन्नतीने उघडलंच नाही. बोलली, परत दे. मी तीन आठवडे बाइकच्या डिक्कीत टाकून फिरत होतो. मग उघडलं. सॉरी. तिला सांगितलं की आत काय लिहिलंय, तर ती उठून आत गेली. जेवली पण नाही. टेबल तिने आईला दिलंय, आता त्याच्यावर मिक्सर आहे. कादंबरीची पानं तिने फाडली का ठेवली मला माहीत नाही. विचारायची हिंमत होत नाही.

मला हे माहीतच नव्हतं की तिची गोष्ट आजीवर आहे. मी फक्त थम्सअप टाकला होता. ती विहीर कुठे होती ते मला माहितेय, मी लहानपणी तिच्यात पडलो होतो. आता तिथे बी विंगचं पार्किंग आहे, माझीच गाडी लागते. आजी रोज त्या गाडीपाशी येऊन वाकायची, मी तिला ओरडायचो. मला वाटायचं, म्हातारी वेडी झालीय.

आजी आता बिछान्यावर आहे, खाली जाता येत नाही. रोज विचारते, ‘पोरीनं माजं काय लिवलंय तां वाच ना रं.’ उन्नती भिंतीकडे तोंड करून झोपते.

तर मॅडम, त्या गोष्टीचा अंक तुमच्याकडे असेल तर प्लीज जनूभाऊंकडे द्या. तुम्ही लिहिलंय की नाही मिळत, पण एखादा कपाटात मागे पडला असेल तर बघा. आजीला वाचून दाखवतो आणि लगेच परत करतो, खराब नाही करणार.

आणि ती खूण कशी करायची ते पण सांगा. मी कधी केली नाही.

आपला,
कल्पेश हरिचंद्र म्हात्रे